पाणी घाण तोवर काठ आपला

धारावीतल्या माणसाला आज तीन प्रश्न विचारले जातात. तू केव्हा आलास? तू खाली राहतोस का वर? तुझ्याकडं कागद आहे का?

चौथा प्रश्न कुणी विचारत नाही. ही जमीन केली कुणी?

दोस्तांनो, हे लिहितोय ते त्या चौथ्या प्रश्नासाठी. आमच्या राईस मिलमधला एक दोस्त म्हणाला, "काहून बे, आपण गोंदियाचे. आपलं धारावीशी काय लेनंदेनं?" त्याला मी म्हटलं, विदर्भ एक्स्प्रेस गोंदियातून सुटते आणि मुंबईत शिरताना सायनवरून जाते. तिथं खिडकीतून जे पत्रे दिसतात ती धारावी. त्या गाडीच्या जनरल डब्यात कोण असतं? धान कापून झालं, हाताला काम उरलं नाही, की निघालेले आपलेच पोट्टे असतात. त्यातला एखादा कुणाच्या तरी माळ्यावर वळकटी टाकतो. त्या दिवसापासून धारावी आपलीसुद्धा असते.

आणि लेनंदेनं नसतं तरी लिहिलं असतं. भीमाच्या लेकराला जिल्ह्याची हद्द नसते.

आधी जमिनीचं बोलू.

धारावी ही मुळात जमीनच नव्हती. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन निघते आणि माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. त्या खाडीच्या कडेला कोळ्यांची वस्ती होती आणि बाकी सगळं खाजण. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. शहराला त्या चिखलाचं काही पडलेलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला तिथं चामड्याच्या टॅनऱ्या आल्या, कारण बांद्र्याचा कत्तलखाना जवळ होता आणि कातड्याचा वास शेटजींच्या नाकाला नको होता. कातड्याला हात लावणारे हात कुणाचे असतात हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तामिळनाडूतून दलित आले, मुसलमान आले. सौराष्ट्राचे कुंभार शहरातून ढकलले जाऊन इथं आले. महाराष्ट्राच्या दुष्काळी गावांतून चर्मकार, मातंग, महार आले, उत्तरेतून आले. प्रत्येकानं आपल्या झोपडीपुरती भर घातली. दगड, माती, राबिट, कचरा, मिळेल ते. पावसाळ्यात खचलं की पुन्हा घातली. दोनतीन पिढ्यांनी पाठीवर वाहून खाजणाची जमीन केली.

तेव्हा कुणी विचारलं नाही तू केव्हा आलास. तेव्हा कुणी म्हटलं नाही तू अपात्र आहेस. चिखलासाठी आपण कायम पात्रच असतो.

आता नदीच्या पलीकडं बघा. पलीकडं वांद्रे-कुर्ला संकुल आहे. हिरे बाजार आहे, शेअर बाजार आहे, बँकांच्या काचेच्या इमारती आहेत. ती जमीन आकाशातून पडली काय? तीसुद्धा खाजणच होती. तीसुद्धा भर घालूनच केली. फरक एवढाच, की तिथं भर सरकारी प्राधिकरणानं घातली आणि इथं आपण घातली. एकाच नदीचा एकाच जातीचा चिखल. त्यांनी भरला तर त्याला विकास म्हणायचं, आपण भरला तर त्याला अतिक्रमण म्हणायचं. हा भूगोल नाही, ही जात आहे. चिखलालासुद्धा जात चिकटवली यांनी.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी उलटली. माणसं बुडाली, घरं वाहून गेली. मग सगळ्यांना एकदम नदी आठवली. नदी मोकळी करा, काठ मोकळा करा. विमानतळाची धावपट्टी नदीवरून गेली आहे, ती कुणी उचलली नाही. संकुलासाठी टाकलेला भराव कुणी उपसला नाही. बुलडोझर गेला तो काठच्या झोपड्यांवर. आणि नदीतला गाळ काढायचं जे कंत्राट दिलं, त्यात ६५ कोटींचा घोटाळा झाल्याचा गुन्हा २०२५ साली मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं नोंदवला. खटल्याचं काय व्हायचं ते होवो. पण ज्या शहरात नदीचा गाळसुद्धा खाल्ल्याचा आरोप होतो, ते शहर काठच्या माणसाला म्हणतं, तू घाण करतोस.

मग पलीकडच्या काचांचं ऊन अलीकडच्या पत्र्यावर पडायला लागलं आणि धारावीची किंमत वाढली. तीन बाजूंनी रेल्वे, एका बाजूला खाडी, शहराच्या ऐन मध्यात सहाशे एकरांच्या आसपास जमीन. २००४ साली सरकारनं पुनर्विकासाची योजना मंजूर केली. निविदा निघाल्या, बारगळल्या. २०१९ साली सेकलिंक नावाच्या कंपनीची ७,२०० कोटींची बोली सगळ्यात मोठी ठरली, ती २०२० साली रद्द झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्या अटींवर अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली पुढं आली आणि जुलै २०२३ मध्ये सरकारनं शिक्का मारला. कंपनीत अदानींचे ८० टक्के, सरकारचे २० टक्के. सेकलिंकनं हायकोर्टात घातलेली याचिका डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. शेटजी विरुद्ध शेटजी हे भांडण आपलं नाही. कुठला शेट आला यावर आपण छाती पिटायची गरज नाही. अमक्याऐवजी तमका आला असता तरी माळ्यावरच्या माणसाला त्यानं घर दिलं असतं असं समजू नका.

आपला प्रश्न दुसरा आहे. या योजनेत माणसं कशी मोजली?

नीट वाचा. पहिली पायरी: जो तळमजल्यावर १ जानेवारी २००० आधीपासून राहतो, त्याला धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर फुकट. दुसरी पायरी: जो तळमजल्यावर आहे पण २००० नंतर आणि १ जानेवारी २०११ आधी आला, त्याला धारावीच्या बाहेर ३०० चौरस फूट, आणि त्यानं अडीच लाख भरायचे. तिसरी पायरी: जो २०११ नंतर १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंत आला तो, आणि वरच्या मजल्यावर राहणारा प्रत्येक जण, मग तो केव्हाही आलेला असो. त्याला धारावीच्या बाहेर भाड्याचं घर, भाडं भरत भरत हप्त्यानं विकत घ्यायचं. चौथी पायरी: त्यानंतर आलेला. त्याला काही नाही.

चार पायऱ्या. बरोब्बर चार. मोजून घ्या.

मनूनं माणसं जन्मावरून चाळली. यांनी तारखेवरून चाळली. मनूच्या उतरंडीत वरचा मोठा होता, इथं वरच्या मजल्यावरचा माणूसच खालचा ठरला, एवढाच काय तो फरक. वीस वर्षं माळ्यावर राहिलेली बाई, खाली राहणाऱ्या घरमालकाला दर महिन्याला भाडं मोजणारी, तिची वीस वर्षं कुणीच मोजत नाही. जिना चढली हाच तिचा गुन्हा.

मी मिलमध्ये काम करतो, म्हणून मला चाळणी कळते. धान भरडलं की चाळणीवर अख्खा तांदूळ वेगळा होतो, कनकी वेगळी, कोंडा वेगळा, भुसा वेगळा. अख्ख्या तांदळाचं पोतं शिवून वर नाव छापतात. कनकी स्वस्तात जाते. कोंडा तेलवाल्याकडं. आणि भुसा बॉयलरमध्ये जातो. पण लक्षात ठेवा, उसना तांदूळ शिजतो तो त्या भुशाच्याच आचेवर. धारावीचे कारखाने, चामड्याच्या पिशव्या, शिवणकाम, प्लॅस्टिकचं भंगार, खाण्याचे डबे, हे सगळं कुणाच्या आचेवर चालतं? माळ्यावर दहा दहा जण झोपणाऱ्या पोरांच्या. ज्यांना यादीत सगळ्यात खाली घातलं त्यांच्याच.

बाबासाहेबांनी आपल्याला एक गोष्ट शिकवून ठेवली आहे. नुसती विषमता फार टिकत नाही, कारण खालचे सगळे एक होऊन तिच्यावर उठतात. टिकते ती पायरीपायरीची विषमता. कारण प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतो, आणि वरच्याविरुद्ध लढायच्या आधी प्रत्येक जण आपली पायरी सांभाळतो. आज धारावीत हेच चाललं आहे. तळमजल्याचा म्हणतो, माझं होतंय ना, वरच्याचं त्यानं बघावं. २०००च्या आतला २०००च्या बाहेरच्याला म्हणतो, तू उशिरा आलास बाबा. घरमालक भाडेकऱ्याकडं संशयानं बघतो. लोकांनी मोर्चे काढले, सर्वेक्षणाला विरोध केला, 'धारावीतच घर' म्हणून घोषणा दिल्या. हे आंदोलन फोडायला पोलीस लागत नाहीत. ती यादीच पुरेशी आहे.

आणि शब्द बघा. पात्र आणि अपात्र. नदीला पात्र असतं. भिक्खूच्या हातात पात्र असतं. आता माणूसच पात्र किंवा अपात्र. अपात्र म्हणजे ज्याला धर्मशाळेतसुद्धा जागा नाही तो. हा शब्द सरकारी कागदातून आपल्या पोरांच्या तोंडात आला आहे. "आमच्या गल्लीत चाळीस अपात्र आहेत" असं आपलाच कार्यकर्ता बोलतो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. अस्पृश्य हा शब्दसुद्धा असाच यादीतला शब्द होता, दोस्तांनो.

मग हे अपात्र जाणार कुठं?

जागा ठरल्या आहेत. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांची २५५.९ एकर. मालवणी-आक्सा भागात १४० एकर. आणि देवनारच्या कचराभूमीतले १२४ एकर.

देवनार पुन्हा वाचा. १९२७ सालापासून मुंबईचा कचरा जिथं पडतो ते देवनार. १९२७ म्हटलं की तुम्हा-आम्हाला महाड आठवतं. २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि सांगितलं की आम्हीही माणसं आहोत. त्याच साली मुंबईनं आपला उकिरडा देवनारला टाकायला घेतला. शंभर वर्षं होत आली. तळ्याच्या काठावर आपण हक्क सांगितला, आणि शंभर वर्षांनी आपल्या माणसाला खाडीच्या काठावरून उचलून उकिरड्यावर ठेवायचा बेत आहे. कचरा उपसून जागा साफ करू असं सांगतात. तीनशेहून जास्त एकरांवर शंभर वर्षांचा कचरा रचलेला आहे. तो उपसून, आग, धूर, वायू सगळं संपवून मग घर देणार, की आधी घर देऊन मग बघणार? या प्रश्नाचं उत्तर चावी हातात घ्यायच्या आधी मागायचं असतं.

मुंबईची ही जुनी रीत आहे. आधी घाण पाठवायची, मग तिच्या मागं माणसं पाठवायची. बांद्र्याचा कत्तलखाना १९७१ साली देवनारला गेला. मागून गोवंडी-मानखुर्दला पुनर्वसनाच्या इमारती आल्या. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. इमारती एकमेकीला अशा चिकटवल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा शिरत नाही. अशा घरांत क्षय जास्त होतो हे २०१८ साली डॉक्टरांनी घरोघर फिरून दाखवून दिलं. झोपडीला निदान फटी तरी होत्या.

माहुल बघा. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं पाडली आणि माणसं तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यांशेजारी नेऊन ठेवली. सतरा हजारांहून जास्त घरांचं संकुल, आणि श्वास घ्यायला हवा नाही. लोक आजारी पडले, रस्त्यावर बसले, कोर्टात गेले. २०१९ साली हायकोर्टाला सांगावं लागलं की माणसांना तिथं जबरदस्तीनं पाठवता येणार नाही, दुसरं घर द्या नाहीतर महिन्याला १५ हजार रुपये भाडं द्या. हे मिळालं ते कुणाच्या दयेनं नाही. माहुलच्या बायांनी फूटपाथवर रात्री काढल्या तेव्हा मिळालं.

मुंबईच्या बाहेर बघायचं तर अहमदाबाद बघा. साबरमतीचा काठ सिमेंटनं बांधला, फिरायला बाग केली, दिवे लावले. त्या काठावरून दहा हजारांहून जास्त कुटुंबं हलवली. त्यातली कितीतरी गणेशनगरला नेऊन टाकली, आणि गणेशनगर कुठं आहे? पिराण्याच्या कचऱ्याच्या डोंगराजवळ. नदी वेगळी, राज्य वेगळं, रस्ता तोच. काठावरून उकिरड्यावर.

म्हणून म्हणतो, पाणी घाण असतं तोवर काठ आपला असतो. पाणी चमकायला लागलं की काठ त्यांचा.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला विकासच नको. झोपडपट्टीचं कौतुक करता.

खोटं आहे. झोपडपट्टीचं कौतुक सिनेमावाले करतात, विलायती पाहुणे करतात, फेरफटका मारून फोटो काढून जातात. शंभर माणसांमागं एक संडास, रात्री बाईला एकटीनं जाता येत नाही, पावसात गटार घरात, यात कविता नाही. धारावीत कवितेसाठी कुणी राहत नाही. पक्कं घर पाहिजे, नळ पाहिजे, घरात संडास पाहिजे, आणि आजच पाहिजे. वीस वर्षं निविदांचा खेळ करून सरकारनं लोकांना जे कुजवलं त्याचा हिशोबसुद्धा पाहिजे.

दुसरा म्हणेल, फुकट घर मिळतंय, वर पन्नास फूट जास्त, दहा वर्षं देखभाल फुकट, मग कुरकुर कशाला?

फुकट? बाजारात विकायचे मनोरे कुठं उभे राहणार? त्याच जमिनीवर. एवढ्यानं भागलं नाही म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं आणखी एक सोय केली. मुंबईतल्या बिल्डरांना वरचे मजले चढवायला जो टीडीआर लागतो, त्यातला पहिला ४० टक्के धारावीच्या प्रकल्पाकडून घ्यायचा. टीडीआर म्हणजे काय? या जागेवर जे बांधता आलं नाही ते बांधायचा हक्क दुसऱ्या जागेसाठी कागदावर विकणं. म्हणजे आपल्या पायाखालची जमीन तर गेलीच, डोक्यावरचं मोकळं आभाळसुद्धा विकायला काढलं. ज्याच्या जमिनीवर आणि आभाळावर एवढा धंदा होतो, त्याला ३५० फूट देऊन वर फुकट म्हणायचं? भर घालणाऱ्याची तीन पिढ्यांची मजुरी कुठल्या वहीत मांडली? आणि अकराव्या वर्षी लिफ्ट बंद पडली, पाण्याचा पंप जळाला, तर ते बिल कुणी भरायचं? डोक्यावर घमेलं वाहणाऱ्या बाईनं?

आणि धंदा. धारावीत घर आणि कारखाना एकाच छपराखाली असतो. खाली भट्टी, वर झोपायची जागा. कुंभाराला भट्टीसाठी उघडं अंगण लागतं. तो विसाव्या मजल्यावर मडकी कशी भाजणार? घर दिलं आणि पोट मारलं तर ते पुनर्वसन नाही. जनावरालासुद्धा गोठा बदलताना गव्हाण लागते.

तिसरा म्हणेल, मुलुंडचे लोकच तुम्हाला घेत नाहीत. खरं आहे. मुलुंडला मोर्चे निघाले, आमच्याकडं धारावी नको म्हणून. त्यांचं पाणी, गटार, रेल्वे अपुरी आहे, ते दुःख खरं आहे. पण "धारावीवाले नकोत" या वाक्यात आणखी एक वाक्य दडलेलं आहे, ते आपण लहानपणापासून ओळखतो. गावकुसाच्या आत नको. ते वाक्य शहरात आल्यावर नुसती पँट घालतं.

गिरणगावानं हे सगळं आधी भोगलं आहे. मी भाताच्या मिलचा कामगार, ते कापडाच्या. १९८२च्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि देशोधडीला लागले. गिरण्यांच्या सहाशे एकरांपैकी एक तृतीयांश कामगारांच्या आणि गरिबांच्या घरांना, एक तृतीयांश मोकळ्या जागेला, असा नियम १९९१ साली होता. २००१ साली त्यात चार शब्द बदलले. हिस्सा फक्त रिकाम्या जागेपुरता. २००६ साली सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. चिमण्या गेल्या, मॉल आले. आणि वारसांना आता शेलू-वांगणीला घर दाखवतात, मुंबईच्या बाहेर, बदलापूरच्याही पलीकडं. ९ जुलै २०२५ला आझाद मैदानात गिरणी कामगारांच्या म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या ते त्यासाठीच. धारावीनं त्यांच्याकडं बघावं. नियम वाचावा, आणि नियमात बदललेले चार शब्द जास्त वाचावे.

आता आपल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. राग आला तर येऊ द्या.

दादरच्या समुद्रकाठी इंदू मिल होती. ६ डिसेंबर २०११ला आपले लोक आत शिरले, जागा ताब्यात घेतली, म्हणून स्मारकाला ती मिळाली. २०१५ साली पायाभरणी झाली. बाबासाहेबांचा पुतळा ३५० फुटांचा ठरला, खाली १०० फुटांचा चौथरा. स्मारक झालंच पाहिजे. ती जागा आपण लढून मिळवली आहे. पण आकडा बघा. पुतळा ३५० फूट. तिथून वर गेलं की माहीमची खाडी, आणि खाडीकाठी पात्र माणसाला घर ३५० फूट. अपात्राला तेही नाही. पुतळ्याची उंची २५०ची ३५० करून घ्यायला आपले पुढारी किती वेळा मंत्रालयात गेले! धारावीतल्या माळ्यावरच्या माणसाची पायरी वर सरकवायला कितींदा गेले? समुद्रकाठी पुतळ्याला जागा मिळते आणि माणसाला मिळत नाही, तर तो पुतळा कुणाकडं बघणार आहे? बाबासाहेबांना काठावर उभं करायचं आणि त्यांच्या लेकरांना उकिरड्यावर, हा सौदा आपण मान्य करायचा काय?

आणि आता गोंदिया. त्या दोस्ताला वाटतं तारखेची चाळणी मुंबईत फिरते. ती आपल्या दारात आली आहे.

पूर्व विदर्भाचे सहा जिल्हे, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. इथं सरकारी कागदात झुडपी जंगल नावाची जमीन आहे. त्यावर शाळा आहेत, घरं आहेत, शेतं आहेत, मसणवटी आहेत. २२ मे २०२५ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, झुडपी जंगल म्हणजे वनजमीनच. १२ डिसेंबर १९९६ आधी ज्यांना रीतसर जागा मिळाली त्यांच्यासाठी केंद्राच्या मंजुरीची वाट ठेवली. अतिक्रमणं हटवायचाही आदेश दिला. जंगल वाचलंच पाहिजे. जंगल गेलं तर आधी आपलंच पाणी जाईल. पण तारीख बघा. मुंबईला १ जानेवारी २०००, इथं १२ डिसेंबर १९९६. गायरान कसणाऱ्या दलित-आदिवासी भूमिहीनांना १९९१च्या शासन निर्णयात १४ एप्रिल १९९० ही शेवटची तारीख दिली होती. बाबासाहेबांचा जन्मदिवस! त्यांच्या जयंतीच्या दिवशीसुद्धा आपल्यासाठी दार बंदच केलं, फक्त तोरण लावून. आणि २०२२ साली गायरानावरच्या घरांना राज्यभर नोटिसा निघाल्या.

आमच्या वस्तीत एका कार्यालयाचा माणूस आला होता. घराचा जुना कागद मागत होता. माझी आजी म्हणाली, "कागद पुरात गेला बावा. मी नाही गेली. मलेच पायना." तो हसला आणि रकान्यात काट मारून गेला. आजीपेक्षा जुना कागद या देशात कुठला असतो? पण रकान्यात आजी मावत नाही.

आपल्या भागात एक शब्द आहे, निस्तार. मालगुजारी गेली, मालगुजारांचे तलाव सरकारकडं आले, कागदात ते मामा तलाव झाले. पण गावाचं निस्तार पत्रक राहिलं. त्यात लिहिलेलं असतं, कुठलं पाणी कुणाला, गवत कुठलं, माती-लाकूड कुठून, ढोरं कुठं चारायची. जातवाल्यांनी त्यातही आपला घाट वेगळा केला, ते आपण विसरलेलो नाही. तो घाट मोडायचा आहेच. पण निस्तारातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. निस्तार तारीख विचारत नाही. तू इथं राहतोस ना, तुझं जगणं यावर चालतं ना, मग तुझा हक्क. मला वाटतं धारावीच्या लढ्याला गोंदियानं हा शब्द द्यावा. खाडीकाठच्या माणसाचा खाडीकाठावर निस्तार आहे. खाली राहतो त्याचा, आणि माळ्यावर राहतो त्याचासुद्धा.

तर करायचं काय? नुसत्या जयभीमनं भागणार नाही.

एक. अपात्र हा शब्द आजपासून आपल्या तोंडात, पत्रकात, फलकावर नको. राहणारा म्हणा, कामगार म्हणा, माणूस म्हणा.

दोन. मागणी एकच धरा. सर्वेक्षणाच्या दिवशी जो धारावीत राहत होता त्या प्रत्येकाला धारावीत घर. चार पायऱ्या मोडून एक. ज्याचं नाव पहिल्या पायरीवर आहे त्यानंच ही मागणी सगळ्यांत मोठ्यानं करायची. पात्र माणूस अपात्रासाठी उभा राहिला की यादीची ताकद संपली.

तीन. याद्या गल्लीत चिकटवा, चौकात वाचून दाखवा, मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये. नकाशा बाईला समजेल असा काढा. कुठलं घर, कितवा मजला, कारखाना कुठं, दहा वर्षांनंतरचा खर्च कुणाचा, हे सगळं लिहून घेतल्याशिवाय अंगठा नको, सही नको. आणि कचराभूमीवर घर कुणालाच नको.

चार. हे गोंदियाच्या पोरांसाठी. सुट्टीच्या दिवशी आपल्या गावचं निस्तार पत्रक काढा. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. ग्रामपंचायतीच्या घरकराच्या जुन्या पावत्या, शाळेच्या दाखल्याचे रजिस्टर, मतदार याद्या, मिळेल ते १९९६च्या आधीचं गोळा करा आणि प्रत्येक घराची एक पिशवी करा. झुडपी जंगलाची आपल्या गावची यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचायला लावा. नोटीस यायच्या आधी हे झालं पाहिजे. नोटीस आल्यावर पळापळ करतो तो कार्यकर्ता नव्हे, तो हमाल.

१९५९ साली आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीन तुरुंगात गेले. त्यांनी तारीख विचारली नव्हती. त्यांनी जमीन विचारली होती. आपण त्यांचे नातू. ते विचारत होते, कसायला जमीन कुठं आहे? आपण विचारू, भरलेली जमीन कुणाची आहे?

१९५४ साली बाबासाहेब आपल्याच भंडाऱ्यातून लोकसभेला उभे राहिले. तेव्हा गोंदिया भंडाऱ्यातच होतं. आपल्या जिल्ह्यानं त्यांना पाडलं. हे कर्ज आपल्या डोक्यावर आहे आणि ते पुतळ्याला हार घालून फिटत नाही. ते फिटेल माळ्यावरच्या माणसासाठी उभं राहिल्यावर, तो धारावीचा असो की आपल्या वस्तीतला.

चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले तेव्हा त्यांनी कुणाकडं पात्रतेचा दाखला मागितला नव्हता. ते काठावर गेले, खाली उतरले, आणि ओंजळ भरली. काठ असाच आपला होतो.